सरासरीत न मावणारा पाऊस

जालन्याहून देऊळगाव राजाकडे यायला निघाले, की थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतांमधून पांढरे आणि हिरवे मांडव दिसू लागतात. नवख्या माणसाला वाटावे, इथे कुठला मेळा भरला आहे की काय! पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की हमखास विचारतात, ‘‘हे काय हो, इतकी लग्ने एकाच वेळी?’’ एका अर्थी ती लग्नेच असतात म्हणा. त्या मांडवांना आमच्याकडे शेडनेट म्हणतात आणि त्यांच्या आत मिरची, टोमॅटो, वांगी, काकडी, कारली यांच्या नर आणि मादी झाडांचे हाताने लग्न लावून संकरित बियाणे तयार केले जाते. आपल्या घरच्या ताटात जी भाजी येते, तिचे बी कुठे जन्मले याचा विचार सहसा कोणी करत नाही. त्यातले बरेचसे देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या दोन तालुक्यांत जन्मलेले असते.

आमचे गाव तसे दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक म्हणजे बालाजी महाराजांचे मंदिर आणि अश्विनातली यात्रा. दुसरे म्हणजे शेजारचे सिंदखेड राजा, जिजाऊंचे जन्मस्थान. संत चोखामेळ्यांचे मेहुणा राजाही याच तालुक्यातले. त्यांच्याच नावाने खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला ‘संत चोखासागर’ म्हणतात. बियाण्याची ओळख त्यामानाने अलीकडची. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली बियाण्याची कंपनी काढली, त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या उद्योगाचे लोण पुढे जिल्ह्याची सीमा ओलांडून आमच्याकडे पसरले. आधी उघड्या रानात कपाशीचे ‘सीड प्लॉट’ आले, मग जाळीखालचा भाजीपाला. कोरडवाहू मुलखातल्या, दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याला दहा गुंठ्यांत घर चालवण्याची वाट या जाळीने दाखवली. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या धाकट्या भावाने याच जाळीच्या जोरावर दोन मुली शिकवल्या.

मी स्वतः तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. नैर्ऋत्य मोसमी वारे, पर्जन्यछायेचा प्रदेश, जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस हे धडे मला फळ्याकडे न पाहता म्हणता येतात. त्या धड्यांतला सर्वांत लाडका शब्द म्हणजे ‘सरासरी’. जिल्ह्याची सरासरी, तालुक्याची सरासरी, दीर्घकालीन सरासरी. परीक्षेत दोन गुणांना हमखास. या शब्दाचा आणि शेताचा संबंध किती पातळ होत चालला आहे, ते मला गेल्या काही वर्षांत भावाच्या बांधावर बसून कळले.

आधी त्या जाळीखाली काय चालते, ते सांगायला हवे. त्याशिवाय गारपिटीने नेमके काय नेले, ते ध्यानात यायचे नाही.

टोमॅटोचे उदाहरण घेऊ. मादी झाडावरची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने हलकेच उघडायची आणि आतले पुंकेसर काढून टाकायचे. धसमुसळेपणा केला तर कळी गळते, हळुवारपणाच्या नादात एखादा केसर राहिला तर बी अशुद्ध होते. नर झाडांची फुले वेगळी खुडून आणायची, त्यांतले पराग मोकळे करायचे, रात्री विजेच्या दिव्याखाली वाळवून डबीत भरायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी डबीतल्या परागात मादीच्या फुलाचे टोक बुडवायचे आणि खूण म्हणून धागा बांधायचा. या सगळ्याला आमच्याकडे एकच शब्द आहे, ‘क्रॉसिंग’. एका फुलाचे झाले की दुसरे. एक किलो टोमॅटोच्या बियाण्यात तीन लाखांच्या आसपास दाणे असतात. एका फळात शंभरेक बिया धरल्या, तरी किलोमागे तीन हजार फुलांची ही मनधरणी आली. ती करतात बायका. माझ्या भावजयीच्या हाताखाली अकरा जणी असायच्या. सकाळी भाकरी बांधून यायच्या आणि दिवसभर वाकून किंवा उकिडवे बसून, डोळ्यांत तेल घालून, कळ्या शोधायच्या. चष्मा लागला की हे काम सुटते, असे त्यांच्यात म्हणतात.

कंपनी मूळ नर-मादीचे बी देते, पुढे तयार बियाणे ठरल्या दराने विकत घेते. पण केव्हा? तर उगवण आणि शुद्धता तपासून झाल्यावर. म्हणजे ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाचा पैसा हातात यायला पुढच्या वर्षाचा उन्हाळा उजाडतो. मधल्या काळात खत, औषध, मजुरी, ठिबक सगळे पदरचे, नाहीतर बँकेचे.

आता २०२३ सालाकडे येऊ. मला हे वर्ष भूगोलाच्या पुस्तकात धडा म्हणून घालावेसे वाटते. एप्रिलमध्ये हवामान खात्याने देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ९६ टक्के होईल, असा अंदाज दिला. सप्टेंबरअखेर हिशेब झाला तो ९४ टक्क्यांचा. अंदाज म्हणून हे यश उत्तमच मानायला हवे. पण या ९४ टक्क्यांच्या पोटात काय दडले होते, पाहा. प्रशांत महासागरात एल निनो डोके वर काढत होता. जुलैत पाऊस असा कोसळला, की आमच्याच जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला संग्रामपूर आणि जळगाव जामोदकडे २२ जुलैला पुराने हाहाकार उडवला, घरे-दारे, जमिनी खरवडून गेल्या. आणि त्याच्यामागून आलेला ऑगस्ट? १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट! सोयाबीन फुलावर असताना आभाळ महिनाभर रिकामे. एका जिल्ह्यात एका टोकाला पूर, दुसऱ्या टोकाला माना टाकलेले पीक, आणि दोन्हींची बेरीज भागिले दोन केली की ‘सर्वसाधारण’.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्या जिल्ह्यातले बुलढाणा आणि लोणार त्यात होते. पलीकडच्या जालना जिल्ह्यातले जालना, बदनापूर, अंबड, मंठा आणि भोकरदन होते. म्हणजे आमच्या चहूबाजूंना दुष्काळ कागदोपत्रीही पक्का झालेला. विहिरींनी तळ दाखवायला सुरुवात केली होती. भावाने जाळीखालच्या मिरचीला ठिबकने थेंब-थेंब मोजून पाणी दिले. नोव्हेंबरात क्रॉसिंग ऐन भरात आले, फळे धरली, धाग्यांनी झाडे भरून गेली.

दुष्काळ जाहीर होऊन चार आठवडेही पुरे झाले नव्हते. २६ नोव्हेंबर, रविवार, त्रिपुरी पौर्णिमेची रात्र. देवळांत दीपमाळा लागायच्या त्या दिवशी ढग दाटून आले. आधी वारा सुटला. पत्र्यांवर पहिले टपटप आवाज आले, तेव्हा मला वाटले, मोठे थेंब आहेत. मग आवाज बदलला. ज्यांनी गारपीट ऐकली आहे त्यांना तो आवाज सांगावा लागत नाही, आणि ज्यांनी ऐकलेली नाही त्यांना सांगून कळत नाही. वीज गेली. भाऊ शेतावरच्या खोलीत होता, फोन लागेना. अर्ध्या रात्री लागला, तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘‘आक्का, जाळी खाली आली.’’

सकाळी गेलो तेव्हा अंगणात, बांधाला, नाल्याच्या कडेला गारांचे ढीग अजून वितळायचे होते. शेडनेटचे काय झाले होते, ते नीट पाहण्यासारखे होते. मी नीट पाहिले. जाळी सगळीकडे फाटली नव्हती. जिथे ती घट्ट विणीची आणि नवी होती, तिथे उलट जास्त घात झाला होता. सपाट छतावर गारा पडत गेल्या, साचत गेल्या, जाळीची झोळी झाली, आणि त्या झोळीच्या वजनाने लोखंडी पाइप कमरेत वाकून खाली बसले. जुनी, विटलेली जाळी मात्र आधीच फाटली, गारा आत पडल्या, झाडे झोडपली गेली, पण सांगाडा उभा राहिला. शेजारच्या म्हाताऱ्याने तेवढ्यातही म्हटले, ‘‘जुनं ते सोनं, बापा!’’ कुणाला हसू आले नाही, पण म्हणणे खरे होते.

आत मिरची उरलीच नव्हती. नुसते बुंधे. आणि चिखलात, बर्फाच्या पाण्यात, हजारो रंगीत धागे. प्रत्येक धागा म्हणजे एक कळी, एक चिमटा, एका बाईचे अर्धे मिनिट. भावजय ते वेचायला लागली. मी म्हटले, ‘‘अगं, आता काय करायचेत ते?’’ ती म्हणाली, ‘‘काही नाही आक्का. पायाखाली येतात म्हणून.’’

सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा तालुक्यांत त्या रात्री शेडनेटची अपरिमित हानी झाली. नाशिककडे द्राक्षे गेली, मराठवाड्यात कपाशी भिजली. सगळ्या राज्याची ती रात्र होती.

आता माझ्यातली बाई बाजूला ठेवून शिक्षिकेला थोडे बोलू देते. गार होते कशी? जमिनीलगतची ओलसर, उबदार हवा वेगाने वर चढते. वर खूप उंचावर हवा गोठणबिंदूच्या खाली असते, तिथे पाण्याचे थेंब बर्फाच्या कणाला चिकटत जातात. वर चढणारा झोत जोरकस असेल तर तो कणाला खाली पडू देत नाही. तो पुन्हा पुन्हा वर फेकला जातो आणि कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी मोठा होतो. झोताला पेलेनासा झाला की पडतो. म्हणजे गारेला दोन गोष्टी हव्यात : खाली ओल आणि ऊब, वर कडक थंडी. त्या नोव्हेंबरात वरची थंड हवा उत्तरेकडून आलेल्या पश्चिमी विक्षोभाने आणली, खालची ओल समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांनी. दोघांची गाठ आमच्या डोक्यावर पडली.

अशी गाठ पूर्वी कधी पडत नव्हती का? पडत होती. आमचे वडील गारपिटीच्या गोष्टी सांगत; पण त्यांच्या गोष्टींतली गारपीट फाल्गुन-चैत्रातली, वळवाच्या सुमाराची असे आणि एका गावावर पडून पुढच्या गावाला चाटूनही जात नसे. माझ्या आठवणीतली पहिली लांबलेली गारपीट २०१४ सालची. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, मराठवाडा-विदर्भासह राज्याच्या मोठ्या भागावर ती दिवसामागून दिवस पडत राहिली. गहू, हरभरा, डाळिंबे, द्राक्षे काही शिल्लक ठेवले नाही. मग ११ फेब्रुवारी २०१८, जालना आणि बुलढाणा हे दोन्ही जिल्हे. त्यानंतर पाच वर्षांनी नोव्हेंबर. माणसेही दगावली या संकटांत, जनावरे आणि पाखरे तर कुणी मोजली!

शास्त्रज्ञ मंडळी गारपिटीबाबत बोलताना जपून बोलतात, आणि ते योग्यच आहे. गार एवढ्याशा जागेत, एवढ्याशा वेळात पडते, की तिच्या शंभर वर्षांच्या सलग नोंदी मिळत नाहीत. त्यामुळे ‘ही अमुक गारपीट तापमानवाढीमुळेच’ असे छातीठोक कोणी म्हणणार नाही. पावसाचे मात्र तसे नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि तेही एकूण मोसमी पाऊस कमी होत असताना. त्यांनी बोट दाखवले ते तापलेल्या अरबी समुद्राकडे. हवा एका अंशाने तापली की ती साधारण सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते, हा तर पदार्थविज्ञानाचा साधा नियम. केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० साली काढलेल्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, तर उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने तापला. ऐकायला किरकोळ वाटते. पण बाष्पाची घागर मोठी झाली, की भरायला वेळ लागतो आणि रिती होते ती एकदम. लांबलेला खंड आणि मग धो धो, हे दोन्ही त्या एकाच घागरीतून येते.

इथे भेंडवळची आठवण झाल्याशिवाय राहवत नाही. आमच्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. घटाभोवती धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या हलण्या-सरकण्यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. तीनशे-साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे म्हणतात. अंधश्रद्धा म्हणून तिच्यावर टीका होते, ती रास्तच आहे. मीही वर्गात मुलांना तेच सांगत आले. पण दरवर्षी पहाटे शेकडो शेतकरी तिथे का जमतात, हा प्रश्न टीकेने सुटत नाही. भेंडवळची भाकिते अशी असतात : जूनमध्ये कमी, जुलैत साधारण, ऑगस्टात चांगला. आणि खात्याचे अंदाज असे असतात : ९६ टक्के, १०६ टक्के. एकाला पाया नाही, दुसऱ्याला भक्कम शास्त्राचा पाया आहे, हा फरक कुणी पुसू नये. पण शेतकऱ्याला महिन्याचा आणि मोसमाचा आकडा नकोच असतो. त्याला हवे असते, ‘परवा संध्याकाळी तुझ्या गावावर काय?’ त्याचे उत्तर आता काही प्रमाणात मिळू लागले आहे. महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे आली, विजेचा इशारा मोबाइलवर येतो. २०२३च्या त्या दिवसांतही विजा आणि गारांचे इशारे आधी मिळाले होते. पण वीस गुंठ्यांचा लोखंडी मांडव दोन दिवसांत घडी करून घरात ठेवता येत नाही.

गारपिटीची निदान बातमी होते, छायाचित्रे छापून येतात. उन्हाची तशी होत नाही. टोमॅटोचे पराग दिवसाचे तापमान पस्तिशीच्या पुढे आणि रात्रीचे चोविसाच्या वर राहू लागले, की निकामी होत जातात. मिरचीची फुले गळतात. बाहेरून झाड हिरवेगार दिसते. बायकांनी क्रॉसिंग केलेले असते, धागे बांधलेले असतात, पण फळ धरत नाही, धरले तर आत बिया थोड्या. मे २०२४ मध्ये शेजारच्या अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने उन्हासाठी जमावबंदीचे कलम १४४ लावले. दंगलीचे कलम उन्हाला! त्याची देशभर चर्चा झाली. पण आमच्या लेखी त्याहून घातकी ठरला तो त्याच वर्षीचा ऑक्टोबर. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत उष्ण ऑक्टोबर होता, आणि ऑक्टोबर हा क्रॉसिंगचा महिना. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले, की २०२४ हे नोंदींतले सर्वांत उष्ण वर्ष, औद्योगिकीकरणापूर्वीच्या काळापेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक. त्या दीड अंशाचा देऊळगाव राजाच्या भाषेतला अर्थ भावजयीने सांगितला : ‘‘फुलं तेवढीच, बाया तेवढ्याच, बी कमी भरलं.’’ गारपीट नाही, पूर नाही, म्हणून पंचनामा नाही.

पंचनाम्याचे गणितही पाहण्यासारखे आहे. नळीच्या सांगाड्याच्या शेडनेटसाठी २०१४च्या केंद्रीय फलोत्पादन योजनेत चौरस मीटरला ७१० रुपये हा खर्च धरला होता आणि त्याच्या निम्मे अनुदान. वीस गुंठे म्हणजे साधारण दोन हजार चौरस मीटर; खर्च चौदा लाखांवर. अनुदान वजा जाता सात लाख शेतकऱ्याचे, बहुधा कर्जाचे. नोव्हेंबर २०२३ नंतरच्या नुकसानीसाठी राज्याने मदतीचे दर वाढवले, ते बागायती पिकाला हेक्टरी २७,००० रुपये असे. वीस गुंठे म्हणजे एक पंचमांश हेक्टर. म्हणजे ५,४०० रुपये. मी हा गुणाकार दोनदा केला. मदत क्षेत्रावर मोजली जाते आणि जाळीखालच्या शेतीचे सगळे वैशिष्ट्यच हे, की क्षेत्र थोडे आणि गुंतवणूक अफाट. पंतप्रधान पीक विमा योजना पिकांची, तीही अधिसूचित पिकांची. लोखंडी सांगाडा तिच्यात बसत नाही.

आणखी एक विरोधाभास आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८च्या सुमारास राज्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, बुलढाणा आणि जालना दोन्ही जिल्हे त्यात आले. प्रकल्पाचा हेतूच मुळी बदलत्या हवामानाला तोंड देऊ शकेल अशी शेती उभी करणे. त्यात शेडनेटला घसघशीत अनुदान होते, त्यामुळे मांडव झपाट्याने वाढले. यात काही चुकले असे मी म्हणणार नाही. कमी पाण्यात, थोड्या जमिनीत, भर दुष्काळात पीक उभे राहते ते याच जाळीमुळे. जाळी उन्हापासून वाचवते, किडीपासून वाचवते. तिला गारेपासून वाचवायचे असेल तर तिची घडण बदलायला हवी. हिमाचल प्रदेशात सफरचंदाच्या बागांवर गारांसाठीच वेगळी जाळी अंथरतात. युरोपातल्या बागांतही तशी जाळी असते. ती उतरत्या छपरासारखी ताणतात, मध्ये फटी ठेवतात, म्हणजे गारा घसरून ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतात. आपल्याकडची सपाट छते उन्हाच्या हिशेबाने बांधली, गारांच्या नाही. पाइपाची जाडी, पायाची खोली, छताचा उतार, वजन आले की आपोआप सुटणारी जाळीची बांधणी ही सगळी गावातल्या फॅब्रिकेटरला जमण्यासारखी कामे आहेत. अनुदानाच्या कागदात मात्र ती लिहिलेली असायला हवीत. कागदात नसेल तर कोणी करत नाही, कारण प्रत्येक जादा पाइपाचे पैसे खिशातून जातात.

भावाने पुन्हा जाळी उभी केली. वीसऐवजी दहा गुंठ्यांची, आणि छत मध्ये उंच ठेवून दोन्हीकडे उतरते. वाकलेले पाइप सरळ करून घेतले, सरळ न होणारे भंगारात गेले. उरलेल्या रानात त्याने सोयाबीन पेरले. ते २०२५च्या सप्टेंबरात पाण्याखाली गेले. त्या वर्षी मेमध्येच पावसाने ठाण मांडले होते, मोसमी वारे केरळात २४ मे रोजीच पोचले होते. सप्टेंबरात मराठवाड्यात जो प्रलय झाला, तो वाचकांच्या स्मरणात असेलच. शासनाला ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचे मदतीचे पॅकेज जाहीर करावे लागले. देशाचा त्या मोसमाचा आकडा होता सरासरीच्या १०८ टक्के. खडकपूर्णा धरण, ज्याच्याकडे आम्ही २०२३ साली जीव मुठीत धरून पाहत होतो, ते या वेळी दरवाजे उघडून पाणी सोडत होते. जाळीखालची मिरची उभी राहिली, एवढे मात्र सांगायला हवे.

दहा गुंठ्यांना अकरा बायका लागत नाहीत, पाच पुरतात. २०२३च्या पंचनाम्यात शेतकऱ्याचे नाव होते, गट क्रमांक होता, पीक होते, बाधित क्षेत्र होते. जिची चार महिन्यांची मजुरी त्या रात्री बुडाली, तिच्यासाठी रकाना नव्हता. ती शेताची मालकीण नव्हती, पिकाचीही नव्हती. भावजयीने त्या आठवड्याचे राहिलेले पैसे घरातली डाळ विकून चुकते केले, पुढचे काम ती कुठून देणार? उरलेल्या सहा जणींतल्या दोघी ऊसतोडीला गेल्या. चौघी आता दुसऱ्या गावच्या प्लॉटवर टेम्पोने जातात. पूर्वी नऊच्या सुमाराला कामाला लागत. आता पहाटे साडेपाचलाच घर सोडतात, कारण दहाच्या पुढे, त्या म्हणतात, पराग फुलाला धरतच नाही.